मागं राहिलेली पात

माझं माहेर पेठच्या पल्याड, डोंगरात, आन सासर बी तिकडंच, एक डोंगर उतरून दुसरा चढला की आलं. नागली, भात, तेलापुरती थोडी खुरासनी, आन पावसाळा सरला की हात मोकळे. मोकळे हात घेऊन मानूस काय करनार, तर खाली उतरनार. आम्ही नाशिकला खालीच म्हनतो ताई, तुम्ही भले सिटी म्हना. माझी आई मला पाठीला बांधून गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षाच्या बागेत यायची, तिच्या मागून मी आले, माझ्या मागून माझ्या सुना आल्या. यमुना माझं नाव, मजूर बायांच्या टोळीची मी मुकादम, पन टोळीत कोनी नावानं हाक नाय मारत, मावशी म्हनत्यात, आन पाठीमागं काय म्हनत्यात ते पन मला चांगलं माहीत हाय, म्हनत्यात मिरची. म्हनू द्या. बाया सांभाळायच्या तर जिभेला धार लागतेच.

टोळीचं काम कसं चालतं ते आधी सांगते, नायतर पुढचं कळनार नाय. कामाला लागलं की एकेकीच्या वाट्याला एकेक ओळ येते, तिला आम्ही पात म्हनतो. भाताची निंदनी असो नायतर द्राक्षाचं डिपिंग, पात ती पात. डिपिंग म्हंजे मगात औषध घ्यायचं आन एकेक घड त्यात बुडवायचा, मंग घड फुगतो, लांबतो, परदेशी जातो. आम्ही नाय जात, घड जातो. तर आमच्याकडची रीत अशी, की माझी पात संपली म्हनून मी बांधावर जाऊन बसनार नाय. जिची पात मागं राहिली तिच्यात मी समोरच्या टोकानं शिरनार, ती तिकडून येतीय, मी इकडून जातीय, मधी गाठ पडली की दोघी संगं बाहेर. एकटीला बागेत सोडायचं नाय. ही रीत कोनी घातली काय माहीत, माझ्या आईच्या आईची पन हीच व्हती.

आता कविताचं सांगते. कविता माझ्या धाकट्या बहिनीची, भीमीची पोरगी. वीस सरलेली, बारावी झालेली, हाताची लय चलाख. भीमीनं तिला माझ्या हवाली केलं, म्हनली, बाय, वैशाखात लगीन हाय हिचं, एवढा सीझन तुझ्यासंगं ने, तिच्या कमाईचे पैंजन तिच्या पायात पडतील. मी म्हनले, जशी नेते तशी आनून देईन. बोलायला काय जातंय, बोलले.

आम्हाला ने-आन करायला एक पिकअप व्हती. तिचा ड्रायव्हर, त्याचं नाव नाय घेत मी, केस चालू हाय, आन नाव घेतलं की माझं तोंड कडू व्हतं, तर तो बोलायला लय गोड. मावशी पानी घ्या, मावशी सावकाश उतरा. आम्ही बागेतच पत्र्याच्या शेडात राहायचो आन शेडामागं अंगोळीला जुन्या साड्यांचा आडोसा बांधलेला, चारी बाजूंनी साडी, वरून उघडा. आन पिकअप तो बरोबर तिथंच लावायचा, म्हनायचा सावली हाय. त्या टपावर चढलं की आडोसा काय कामाचा, हे आमच्या एकीच्या पन डोक्यात आलं नाय. डोंगरातली मानसं आम्ही, वर बघनारा देवच असतो असं धरून चालतो.

डिपिंगच्या दिवसांत कविता मागं राहायला लागली. एकच घड दोनदा बुडवायची, पुढचा कोराच सोडायची. मी ओरडले, लगीन डोक्यात गेलं का गं तुझ्या? सगळ्या हसल्या, ती पन हसली. ते हसू ताई, मला अजून दिसतं. तोंड हसत व्हतं, आन हातातला घड तिनं तिसऱ्यांदा बुडवला.

एक दिवस सकाळच्या चहाला ती आली नाय. मी तिच्या पातीत गेले तर तिचा मग तिथं मातीत ठेवलेला, औषध भरलेलं, आन पोरगी लांब शेततळ्याच्या काठावर. शेततळं तुम्ही बघितलं असंल, आतून सगळा प्लास्टिकचा कागद, पाय घसरला की धरायला काय नाय, चांगले पोहनारे गेलेत त्यात. मी हाक नाय मारली, दचकली असती. चप्पल काढली, गुमान मागून गेले आन तिची वेनी धरली. वेनी धरून अशी ओढली की दोघी मातीत पडलो, आन मंग मी तिला मारलं, लय मारलं, आन मारता मारता मीच रडायला लागले. ती म्हनली, मावशी, सोड मला, मी नसले म्हंजे तो कोनाला दाखवंल? तवा कुठं मला कळलं की दाखवायचं काहीतरी हाय.

अंगोळीचा व्हिडिओ काढला व्हता त्यानं, टपावरून. तिच्या मोबाईलवर पाठवला आन लिहिलं, माझ्यासंगं पुढच्या सीटवर बसून मी म्हनंन तिथं यायचं, नायतर नवऱ्या मुलाला आन गावाच्या ग्रुपला टाकीन. त्यानं पैसे मागितले नाय. पैसे मागितले असते तर पोरगी माझ्याकडं तरी आली असती.

मला वाटलं, हे आपलं आपन मिटवू. आमच्याकडं भांडन मिटवायची रीत हाय, गावाच्या शिवेवर वाघदेव हाय, शेंदूर लावलेलं लाकूड, त्याच्यावर हात ठेवून आन, म्हंजे शपथ, घेतली की संपलं. खोटी आन घेतलेला मानूस पुन्हा रानात पाय टाकत नाय, भीतीनंच मरतो. तर पौर्निमेला घरी जायचं निमित्त काढून त्याच पिकअपनं त्याला वर नेला, गावच्या दोन म्हाताऱ्यांना बसवलं, आन त्याला सांगितलं, ठेव हात. ठेवला. रडला पन. मावशी तू माझ्या आईसारखी, म्हनला. सगळ्यांसमोर मोबाईलमधला व्हिडिओ पुसला, मला दाखवला, मला त्यातलं काय कळतंय, मी म्हनले बरं. मंग रीतीपरमानं त्याला जेवू घातलं, कोंबडी कापली, नागलीची भाकरी, पोटभर जेवला आन ढेकर देऊन गेला. आम्ही पन निवांत झोपलो.

आता सांगा, आमच्या वाघाला भिनारा तो थोडाच व्हता. त्याचं रान म्हंजे डांबरी रस्ता. आन आतून मानूस सरळ असंल तरच घेतलेली आन त्याला बांधते, वाकड्याला ती भाकरीसंगं गिळता येते.

थोडे दिवस गेले आन दुसऱ्याच नंबरवरून कविताला मेसेज आला. तुमच्या देवानं काय केलं माझं? व्हिडिओ अजून हाय माझ्याजवळ, आता एकटी ये. तवा कवितानं मला आनखी एक सांगितलं, जे आधी लाजेनं सांगितलं नव्हतं. मी तिला शेततळ्यावरून ओढायच्या आधी ती एकदा त्याच्यासंगं पुढच्या सीटवर बसून धरनाकडं चहाला गेली व्हती. तो म्हनला व्हता, एकदाच ये, मंग पुसून टाकतो. आन त्या चहाचा पन त्यानं फोटो काढला, दोघांचा, आन आता म्हनत व्हता, बघ, तू तर स्वतःच्या पायानं आलीस. काय सांगू तुम्हाला, त्या पोरीला वाटलं आपलंच चुकलं. वाघाला एक शेळी दिली की तो जात नाय ताई, दाराशीच बसतो.

तवा मी म्हनले, आता पोलिसात जायचं. आन मंग बघा गंमत, गंमत कसली, माझं रक्त आटलं. कोनाकडून तरी कळून बागेचा मालक आला, मानूस वाईट नाय, त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही जेवून आलेलो, तो म्हनला, मावशी, डिपिंग अर्ध्यावर हाय, आता खाडा केला तर माल गेला, आन बागेत पोलीस आले तर पुढच्या वर्षी मला दुसरी टोळी बघावी लागंल. हळू आवाजात म्हनला, चहा पाजून म्हनला. तिकडून भीमीचा फोन, बाय, तू पोलिसात गेलीस तर लगीन मोडंल, आन लगीन मोडलं तर मी गळफास घेईन, माझं मढं बघायला ये. मंग बोलले, माझ्या पाठची ती, मी तिला कडेवर खेळवलेली, पन बोलले, भीमे, तो म्हनतो ऐक नायतर व्हिडिओ टाकतो, तू म्हनतीस ऐक नायतर मरते. तुझ्यात आन त्याच्यात मी फरक कसा करू? भीमीनं फोन ठेवला.

तुम्ही लोकं त्याला ब्लॅकमेल म्हनता. आमच्यात म्हनत्यात नाक दाबलं की तोंड उघडतं. फक्त नाक दाबनारा दरवेळी हरामखोरच असतो असं नाय, हे मला त्या दिवसांत कळलं. कोनी लाजेनं दाबतो, कोनी रोजगारानं, कोनी मायेनं. मायेचा हात ओळखायला लय वेळ लागतो, आन तो काढताना आपलंच कातडं निघतं.

कविता मेसेज पुसायला निघाली, मी मोबाईल हिसकावून घेतला, कळत काय नव्हतं पन वाटलं, साप मारला तर शेपूट तरी दाखवायला पाहिजे. मंग ती माझ्याशेजारी बसली आन तिनंच माझ्या मोबाईलवरून नवऱ्या मुलाला फोन लावला. मी नव्हतं सांगितलं. म्हनली, त्याच्याकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळू दे. सगळं सांगितलं, व्हिडिओचं, चहाचं, काय लपवलं नाय. पलीकडून पोरानं सगळं ऐकलं आन फोन कट केला. कविता रडली नाय. म्हनली, मावशी, आता त्याच्याजवळ काय राहिलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया पातीला लागल्या. मी टोळीला सगळं सांगितलं, आन म्हनले, मी आन कविता चौकीला चाललो, तुम्ही डिपिंग उरका, मालकाचं नुकसान नको. सखूबाई, टोळीतली सगळ्यात म्हातारी, तोंडात दात नाय, तिनं हातातला मग खाली ठेवला आन म्हनली, यमुने, पोरीची पात मागं राहिलीय ना? मंग आपन बांधावर कशा बसू? आन निघाली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या निघाल्या. मालक बांधावरून ओरडत राहिला, भरलेले मग तसेच पातीत राहिले. मी मुकादम, माझं काम बायांना कामाला लावायचं, पन त्या दिवशी मला एकीला पन परत फिर म्हनवलं नाय.

चौकीत आमची गर्दी बघून हवालदार म्हनला, काय मोर्चा हाय का? मी म्हनले, तक्रार हाय. म्हनला, कोनाचा व्हिडिओ काढला? कविता पुढं झाली, तेवढ्यात सखूबाई म्हनली, माझा. हवालदारानं उचललेलं पेन खाली ठेवलं. ती म्हनली, आडोसा एकच हाय साहेब, मी पन तिथंच अंगोळ करते, टपावरून मी पन दिसतेच. मंग दुसरी म्हनली, माझा पन. तिसरी म्हनली, माझा पन. मी पन म्हनले, माझा. तो म्हनला, अहो मावशी, नाव कोनाचं लिहू? सखूबाई म्हनली, टोळीचं लिही.

आतून एक पोलीस बाई आली, तिनं आम्हाला बसवलं, पानी दिलं. कविताला म्हनली, मेसेज ठेवलेस ते लय बरं केलंस, आता त्याला उत्तर देऊ नको, भेटायला जाऊ नको, आन एक ध्यानात ठेव, गुन्हा त्यानं केलाय, तू नाय. पोरगी एवढे दिवस शेततळ्यावर रडली नव्हती, फोनवर रडली नव्हती, ती तिथं रडली. त्याला त्याच दिवशी उचलला. मोबाईल घेतला. त्यात आमच्या आधीच्या टोळीतल्या बायांचे पन व्हिडिओ निघाले, त्या बिचाऱ्या कुठं असतील, काय सोसून गेल्या असतील, देवाला माहीत.

सगळं गोड झालं असं नाय सांगनार, खोटं कशाला बोलू. लगीन मोडलं. पोराच्या बापानं निरोप धाडला, पोरगं बापापुढं बोललं नाय. मालकानं पुढल्या वर्षी नाय बोलावलं, आम्ही दुसरी बाग धरली. तो ड्रायव्हर जामिनावर सुटलाय, तारखा चालू हायेत, प्रत्येक तारखेला आम्ही दोघी-तिघी जातो, हजेरी बुडते, बुडू दे. एकदा गंगापूर रोडला सिग्नलला दिसला, दुसऱ्याच गाडीवर व्हता. त्यानं तोंड फिरवलं. कवितानं नाय फिरवलं.

भीमी लय दिवस माझ्याशी बोलली नाय. आखाजीला, तुमच्या अक्षय तृतीयेला, मीच गेले, ती चुलीपाशी बसलेली, मी बाजूला बसले, भाकरी थापू लागले. दुसरी भाकरी तव्यावर पडली तवा म्हनली, बाय, तू म्हनली व्हतीस जशी नेते तशी आनून देईन. मी म्हनले, नाय आनली तशी, भीमे. पन जिती आनली. तिनं माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं, म्हनली, जाड थापतीस तू. एवढंच. पन बोलली.

कविता अजून टोळीत हाय. नव्या बागेत आम्ही सगळ्यात आधी आडोशाला वरून पत्रा टाकून घेतो, मंग औषधाचा मग हातात धरतो, आन ते ती बघते, तिनं वर चढून बघितल्याशिवाय कोनी अंगोळीला जात नाय. नव्या पोरी माझ्याकडं येत नायत, मिरचीकडं कोन येनार, तिच्याकडं येतात, आन एखादीची पात मागं राहायला लागली की मी आता ओरडत नाय. मी ओरडायच्या आतच कविता तिच्या पातीत समोरून शिरलेली असते.

मी म्हातारी झाले ताई, आता माझीच पात मागं राहते. काय वाईट वाटत नाय त्याचं, पानांतून समोरून पैंजनांचा आवाज येतो. स्वतःच्या कमाईचे घेतले कवितानं, लगनाची वाट नाय बघितली. तुम्ही हे लिहिताय तर एवढं लिहा, तुमच्या लेकीबाळींची पात कधी मागं नको राहायला, आन राहिलीच, तर समोरच्या टोकानं कोनीतरी येऊ दे.