जांभळ्या पानांची कुंडी

समजा, रोपवाटिकेच्या रांगेत तुम्ही माझ्यासोबत उभे आहात. पुढे कुंडी कवटाळलेली एक मुलगी माळीकाकांशी बोलते आहे.

“काका, ही शेजारच्या मावशींची. मी सांभाळत होते, तर जांभळी पानं हिरवी झाली. मावशी उद्या येणार!”

“हिरवी कुठं? जांभळीच दिसताहेत की.”

“मी रंगवली. जलरंगानं.”

“अगं बये! कुंडी ठेवली कुठं होतीस?”

“कपाटामागे. कुणाचा धक्का लागू नये म्हणून.”

“तरीच! जांभळा रंग बनवायची जनुकं रोपात असतातच. पण अंधारात ती गप्प बसतात, ऊन मिळालं की कामाला लागतात.”

“म्हणजे मेलं नाही?”

“ठणठणीत आहे. उन्हात ठेव, नवी पानं जांभळी येतील.”

मुलीनं हुश्श केलं, नळाखाली रुमाल भिजवला आणि एकेक पान पुसायला बसली.