वडिलांचा रंगीत दिवा

राऊ गावाला जाणारी बस आली, तरी द्वारकाबाई शेजारच्या, गौतमपुऱ्याच्या बसच्या रांगेतल्या दोघांकडे कान लावून उभ्याच राहिल्या.

"भिया, वडील अंधारात पडू नयेत म्हणून मी घरीच दिवा बनवला. तीन रंगांचे बल्ब, ट्यूबलाइटचे तीन स्टार्टर. आपोआप रंग बदलतो."

"मग झगडा कशाचा, मालोजीराव?"

"त्यांची नोकरी राजवाड्याच्या ड्योढीवर, दारावरच्या पहाऱ्याची होती. तिथं लाल दिवा लागला की महाराजांची मोटार आली. आता घरात लाल लागला की हे उठून मुजरा करतात!"

"लाल बल्ब काढून फेका."

"काढला. तर म्हणे, महाराज गेले. सुतक धरून बसले, जेवेनात!"

"मग?"

"परत लावला."

"म्हणजे पुन्हा मुजरे?"

"हो, पण आता मी करतो. त्यांचे घुटने दुखतात. ते पलंगावरून बघतात, माझी कंबर नीट वाकते की नाही."