सुग्रीव आगवाल्याचं इंजिन

(परळी, स्टेशनामागची आळी. मकसूद पत्रेवाल्याचं दुकान. दुपार.)

भिवराबाई : न्हाई रं बाबा. ह्ये त्ये इंजिन न्हाईच.

मकसूद : या अल्ला! मावशी, दुसऱ्यांदा बनवलंय मी. धुराडं म्हणलीस, धुराडं बदललं. पितळ घासून घासून बोटांची सालटी गेली. नंबर बघ, सतरा. स्टेशनात इंजिनापुढं उभा राहून माप घेतलंय. निजामसरकारचा शिपाई हाकलत होता, तरी हललो न्हाई. आता अजून काय पायजे तुला?

भिवराबाई : नंबर मला कुटं वाचता येतो? पर वावरात उभी राहून रोज बघितलंय म्या त्याला. पाठीवरचा घुमट चांगला उंच हुता, धुराड्याच्या जवळ. तुझा बसका हाय, आन् मागं सरकल्याला.

मकसूद : रहीमचाचा, तुमीच सांगा आता. तुमी शेडातले मिस्त्री, जिंदगी इंजिनात गेली तुमची. समजवा हिला.

रहीम : वरडू नको बे. भाबी, आधी मला सांगा, हे खेळणं पायजे कावून? घरात लेकरू तर न्हाई.

भिवराबाई : खेळणं न्हाई, भाई. देव्हाऱ्यात बसवायचंय.

रहीम : इंजिन? देव्हाऱ्यात?

भिवराबाई : आमच्यात मेल्या माणसाचा टाक करत्यात. सोनाराकडनं चांदीच्या पत्र्यावर माणूस उठवून घ्यायचा आन् देवात बसवायचा. मंग त्यो घरचा झाला, भटकत न्हाई. मालकांचा केला की म्या. बसवला, निवद दाखवला. सकाळी बघती तर पालथा. परत बसवला, परत पालथा. मला रडूच फुटलं बगा.

रहीम : वाऱ्यानं पडला असंल.

भिवराबाई : जाणत्याला इचारलं. त्यो म्हणला, बाई, पुलावरून पाण्यात पडलं ते निस्तं अंग. त्ये बी घावलं न्हाई. तुझा माणूस इंजिनावरनं उतरलाच न्हाई, अजून कोळसा टाकतोय. त्याचं इंजिन घरी आण, म्हंजी मागं मागं येईल. पर त्येच आण. दुसऱ्याच्या इंजिनात त्यो चढायचा न्हाई.

मकसूद : समजलं का चाचा, माझी काय गत झालीय? असलं काम कुणी केलंय का आजवर!

भिवराबाई : आन् मला शिट्टी ऐकू येती, भाई. मालक डायवरला सांगून आमच्या शिवारात वाजवायला लावायचे. लांब एक, मंग आखूड. म्हंजी म्या तवा ठेवायचा. आता इथं ऱ्हायला आले तरी वाजती. गाडीचा टाइम नसतो, आन् वाजती. म्या उठून तवा ठेवती. दोघांच्या भाकरी थापून हुत्यात, मंग ध्यानात येतं. भ्या न्हाई वाटत, खरं सांगती. पर लई जीव तुटतो. माणूस उपाशी हाय, आन् दारात येईना.

रहीम : ...मकसूद, आण ते इंजिन इकडं. उजेडात धर. हां. भाबी बरोबर बोलते बे. हे सुग्रीवचं न्हाई.

मकसूद : आवो, पर सतरा नंबर...

रहीम : नंबर! नंबराची पट्टी चार बोल्टावर असते. इंजिन कारखान्यात गेलं, की पार खोलून टाकतात. याची चाकं त्याला, त्याचा घुमटासकट वाफेचा बंब याला. जे जमंल ते जोडायचं, पट्टी ठोकायची, लाइनीवर सोडायचं. आज सतरा म्हणून जे फिरतं ना, त्याच्यात सुग्रीवच्या सतराची निस्ती पट्टी हाय.

मकसूद : म्हंजी मी एवढे दिवस पट्टीच्या मागं लागलो?

रहीम : नाव बघून निकाह लावलास बे. दुल्हन वेगळीच.

भिवराबाई : मंग त्यांचं इंजिन कुटं हाय, भाई?

रहीम : चाकं पूर्णेला गेली, दुसऱ्या इंजिनाखाली. वरचं छप्पर भंगारात...

भिवराबाई : मोडलं म्हणा की सरळ! मंग मालक कशावर हायेत? कुटं उभे हायेत ते? सांगा ना, कुटं उभे हायेत?

रहीम : रडू नको भाबी, ऐक. आगवाला कुठं उभा असतो? भट्टीच्या दारापाशी. आन् भट्टी आन् बंब एकच अंग असतं. तो बंब मोडला न्हाई. पळायच्या कामाचा ऱ्हायला नव्हता, पर आग सहन करत होता. मीच उतरवून घेतला त्याला इथं.

मकसूद : इथं? परळीत?

रहीम : पाण्याच्या टाकीखाली, पंपघरात. विटांच्या ओट्यावर बसवलाय. त्याच्या वाफेवर पंप चालतो, पाणी टाकीत चढतं. भट्टीच्या दारावर सुग्रीवनं छन्नीनं बेलाचं पान कोरलं होतं, वैजनाथाचं. अजून हाय.

मकसूद : मंग मावशीला ऐकू येती ती शिट्टी पंपघरातलीच असणार.

रहीम : शिट्टी कवाच काढली मी, बे. भोकसुदा बुजवलंय.

मकसूद : ...मंग?

रहीम : मला काय विचारतो? मी मिस्त्री हाय.

भिवराबाई : भाई, पंपघर म्हंजी ती लोखंडी दाराची खोली? मागच्या अंगाला राख वडून टाकत्यात, ती?

रहीम : तीच. राख त्याच भट्टीची.

भिवराबाई : अगं माय माय...

मकसूद : काय झालं मावशी? पाणी देऊ?

भिवराबाई : त्या ढिगातले कोळसे येचून आणती रं म्या. रोज. निम्मेच जळल्याले असत्यात, गरम. पदरात धरले, की पोटाला ऊब लागती. माझी चूल त्याच्यावरच चालती. म्या म्हणायची मालक उपाशी हायेत. आन् मालकच मला भाकर भाजून घालत हुते व्हय इतके दिस?



मकसूद : चाचा, मला आत्ता पंपघरात न्या. घुमट बघतो, दार बघतो, माप घेतो. ह्या खेपेला चुकायचो न्हाई. पान बी कोरतो, हुबेहूब. चाकं ह्या इंजिनाची निघतील, तीच लावतो त्याला. चार दिवसांत हातात देतो, मावशी.

भिवराबाई : चाकं नको लावू.

मकसूद : बिनचाकाचं इंजिन? बघणारे हसतील मला.

भिवराबाई : हसू दे. विटांच्या ओट्यावर हाय, तसंच कर. चाकं असली, की मालकांना निघायची घाई असती.