पाव्हण्यांबरोबरचा चहा

आमच्याकडं चहाला कुणी खाणंपिणं मानतच नाही, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरचा, म्हणजे माझा, जीव तिथंच टांगणीला लागतो. कऱ्हाटीचे आबा बारामतीला आमच्या हॉस्पिटलात आले, तेव्हा त्यांचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. भूल देण्याआधी मी विचारलं, "काही खाल्लंय?"

"कणभर न्हाय."

त्यांची बायको म्हणाली, "आत्ताच पाव्हण्यांबरोबर चहा घेतलाय की ह्यांनी!"

"चहा काय खाणं असतंय व्हय?"

थांबायला वेळ नव्हता. पोटातला चहा उलटून फुफ्फुसात जायच्या आत श्वासनळीत नळी घालायची होती, म्हणून स्नायू झटपट ढिले करणारं औषध दिलं. ऑपरेशन छान झालं.

दुसऱ्या दिवशी आबा बायकोकडं बघत कण्हत म्हणाले, "पोट बेस हाय, पण सगळं अंग ठणकतंय. मागं हिच्या ऑपरेशनला तुमीच भूल दिली, तवा असलं काय झालं न्हाय!"

"त्यांना सावकाश चढणारं औषध दिलं होतं. त्यानं अंग दुखत नाही; चहामुळं तुम्हाला झटपट औषध द्यावं लागलं, त्यानं दुखतं. त्या खरोखर उपाशी आल्या होत्या, आबा."

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या, ऑपरेशनला निघालेल्या पेशंटसमोर त्याच्या पाव्हण्यांनी थर्मास उघडला.

आबा ताडकन ओरडले, "ए, त्याला देऊ नका! अंग ठणकतंय त्यानं! हिकडं आणा!"