फुग्यांचा डबा

रमजानातली दुपार. जॉर्डनमधल्या झर्का शहराला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. त्याच्या शेजारी मांडीवर उघडा डबा घेतलेली एक तरुणी; डब्यात बर्फाची बाटली.

“पोरी, ऐन रोज्याच्या दिवसांत बर्फाची बाटली घेऊन फिरतेस? लाज नाही वाटत?”

“माझाही रोजा आहे, काका. बाटली फुग्यांसाठी आहे.”

“आता फुगेही पाणी प्यायला लागले का?”

“उन्हानं तापले की पिळताना फुटतात. मी त्यांचे कुत्रे, जिराफ करते ना. हे बघा, डब्यात एकेका रंगाला एकेक कापडी कप्पा शिवलाय. न बघता हात जातो.”

“न बघता कशाला? डोळे आहेत की!”

“डोळे पोरांकडे लागतात. कोण घाबरलंय ते बघायला.”

“फुग्याला कोण घाबरतं?”

“निर्वासितांच्या छावणीतली पोरं. बाँबहल्ल्यांतून वाचून आलीत. एक फुगा फुटला तरी खाटांखाली शिरतात.”

“मग? फुटला कधी तुझ्या हातून?”

“एकच. पहिल्या दिवशी. तेव्हापासून हा डबा.”

“...ऊठ. माझ्या जागेवर बस.”

“अहो काका, तिकडे सावली आहे. तुम्ही म्हातारे, त्यात रोजा...”

“माझं सोड गं. फुग्यांना ऊन लागतंय.”