बटणावरची गाठ

जबाब देणार: स्वयंसेवक पोलीस क्रमांक चौदा, स्त्री, वय एकोणपन्नास वर्षे, धंदा कपडे दुरुस्तीचे दुकान, राहणार त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतींसोबत राहत होते. आता एकटी राहते. माझे पती लिफ्ट दुरुस्तीचे काम करीत. आम्ही दोघेही या ठाण्याचे स्वयंसेवक पोलीस. ते क्रमांक तेरा, मी चौदा. नव्या स्वयंसेवकांना रेडिओ आणि बाकीचे सामान कसे वापरायचे ते शिकवण्याचे काम ठाण्याने त्यांच्याकडे दिले होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

त्या दिवसाच्या घटनेचा जो अहवाल ठाण्याने केला आहे, त्यात लिहिले आहे की मास्तरांच्या निष्काळजीपणामुळे शिट्टीची दोरी रेडिओच्या बटणात गुंतली, बटण दाबलेले राहिले, चॅनल अडला आणि शोधकार्यात खोळंबा झाला. हे वाक्य खोटे आहे. ते काढावे, एवढ्यासाठी मी आज इथे बसले आहे.

रेडिओचे बटण दाबले की बोलता येते पण ऐकू येत नाही. सोडले की ऐकू येते. एकाने दाबून ठेवले की त्या चॅनलवर बाकी सगळ्यांची तोंडे बंद. हे मास्तर पहिल्याच दिवशी शिकवत. बटण दाबा, एक श्वास थांबा आणि मग बोला, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो. आधी जागा सांगा, मग भानगड. शिट्टीची दोरी मनगटात घाला, गळ्यात नको, गळ्यातली दोरी कुणीही आवळू शकतो. जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवा, थंडीत ती मान टाकते. टॉर्च दिवसाही जवळ हवा. निरोप मिळाला की 'समजलं' म्हणा, आणि समोरून 'समजलं' आल्याशिवाय निरोप पोचला असे धरू नका.

हे सगळे मी जेवताना, भाजी चिरताना, मशीन चालवताना ऐकलेले आहे. नुसता वैताग. घरात यांनी मीठ मागितले आणि मी मुकाट्याने पुढे केले, तर म्हणत, "समजलं कुठे म्हणालीस?" मी म्हणायची, "अहो, हे घर आहे, ठाणं नाही." मी 'समजलं' म्हणत नसे. त्यांना चिडवायला म्हणत नसे.

त्या दिवशी सकाळी बेकरीवाल्यांचे वडील घरातून निघून गेले. त्यांना हल्ली काही आठवत नाही. पायात घरातल्या सपाता होत्या. बस डेपोच्या मागे जुन्या दगडखाणी आहेत, तिकडे जाताना त्यांना कुणीतरी पाहिले होते, म्हणून दुपारी आम्हाला तिकडे पाठवले. जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत एक रेडिओ. यांच्याबरोबर फोटो स्टुडिओवाला होता, माझ्याबरोबर स्कूलबसचा ड्रायव्हर.

खाणीत एकाला लागून एक खड्डे आहेत, सगळे झुडपांनी भरलेले. आत भर दुपारीही काळोख असतो. फोटोवाल्याने टॉर्च आणला नव्हता आणि यांच्या टॉर्चचे सेल संपले. यांनी त्याला गाडीतून टॉर्च आणायला पाठवले आणि म्हणाले, मी इथेच थांबतो. तो परतला तेव्हा हे तिथे नव्हते, आणि जोडीचा रेडिओ यांच्याकडेच होता. मी फोटोवाल्याला दोष देत नाही. दिवसाढवळ्या टॉर्च कोण आणतो? फक्त तो समोर आला की मला दुसरीकडे बघावे लागते.

थोड्या वेळाने रेडिओवर नुसती खरखर सुरू झाली. मध्येच कुणाचा तरी श्वास. ठाण्यातल्या कंट्रोल रूमने ओरडून पाहिले असणार, पण अडलेल्या चॅनलवर कंट्रोलचेही कुणाला ऐकू येत नाही. कुणाचे बटण अडकले की सगळ्यांनी दोन नंबरच्या चॅनलवर जायचे, असा नियमच आहे. सगळे गेले. मीही चॅनल बदलायच्या खुंटीला हात घातला होता. तेवढ्यात रेडिओत खोकला ऐकू आला. सव्वीस वर्षे मी तो खोकला ऐकते आहे. मी एकवरच राहिले. हा आदेशभंग आहे हे मला माहीत होते आणि त्याबद्दल जी काय शिक्षा असेल ती मला द्यावी.

कंट्रोल लांब असल्याने तिथे खरखरच पोचली असेल. मी खाणीच्या काठावर होते, मला शब्द ऐकू येत होते. हे म्हणत होते, "बटण बांधलंय. मुद्दाम बांधलंय. मला तुमचं ऐकू येणार नाही. खालून कण्हण्याचा आवाज आला म्हणून उतरत होतो, घसरलो, गडगडत कुठल्या कुठे आलो. कुठला खड्डा ते कळत नाही. आजोबा सापडलेत. त्यांच्या मांडीतून रक्त जातंय, माझा हात त्यावर आहे, तो काढता येत नाही. दुसरा हात कामातून गेलाय. शिट्टी फुंकायला दम पुरत नाही. तुम्ही काठाकाठाने शिट्ट्या मारत फिरा. शिट्टी माझ्या रेडिओत शिरली की तुमच्या रेडिओत वाजेल. जिथे मोठी वाजेल, तिथे खाली बघा."

हेच त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. शिकवताना सांगत तसेच, सावकाश. जागा आधी सांगा म्हणणाऱ्या माणसाला स्वतःची जागा सांगता येत नव्हती, म्हणून ती शोधायची युक्ती सांगत होते.

मी ड्रायव्हरला माणसे आणायला पळवले आणि शिट्टी मारत निघाले. मधूनमधून हे आजोबांशी बोलत होते. "आजोबा, झोपायचं नाही हं. झोपलात तर चौदा नंबर रागावेल." आजोबांनी विचारले, "चौदा कोण?" "माझी बायको." "चौदा बायका?" त्यावर हे हसले. म्हणाले, "एकच आहे हो. चौदांना पुरून उरेल." हसताना त्यांना ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

हवालदार म्हणतात, एवढे तपशील जबाबात नकोत. मी म्हटले, लिहा. मी पुन्हा सांगायला येणार नाही.

नंतर हे म्हणाले, "चौदा, सगळे दोनवर गेले असतील. तू गेली नसशील. तू कधी कुणाचं ऐकलंयस?" मग म्हणाले, "अगं, काठाची माती भुसभुशीत आहे. घाई करू नकोस, पाय जपून टाक. समजलं?"

मी बटण दाबले, एक श्वास थांबले आणि 'समजलं' म्हणाले. त्यांच्या रेडिओचे बटण बांधलेले होते, त्यामुळे ते त्यांना पोचणार नाही हे मला माहीत होते. तरी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

पुढच्या एका खड्ड्याच्या काठावर माझीच शिट्टी माझ्या हातातल्या रेडिओत वाजली, कानठळ्या बसतील अशी. खाली झुडपांशिवाय काही दिसेना. मी हाका मारल्या. ओ आली नाही. ड्रायव्हर अजून परतला नव्हता. दोर आणि स्ट्रेचर मागवायचे तर मला दोन नंबरवर जाणे भाग होते, आणि दोनवर गेले की एकवरचे ऐकू येत नाही. मी खुंटी फिरवली. आधी जागा सांगितली, मग काय झाले ते. कंट्रोलने विचारले, तुम्ही एकवर कुणाच्या परवानगीने थांबलात. मग जागा परत सांगायला लावली. मग दोर किती लांब लागेल ते विचारले. मी सगळ्याची उत्तरे दिली. तेवढा वेळ एकवर काय बोलणे झाले ते मला माहीत नाही.

परत एकवर आले तेव्हा फक्त आजोबांचा आवाज येत होता. "अहो, उठा ना. झोपू नका. ती रागावेल."

दोर आला, माणसे उतरली. आजोबा जिवंत होते. माझे पती नव्हते. त्यांचा हात आजोबांच्या मांडीवरून उचलून काढावा लागला, कारण तो आपणहून सुटत नव्हता. तो हात तिथे नसता तर आजोबा वाचले नसते, असे डॉक्टरांनी माझ्या देखत सांगितले. आजोबा आता बरे आहेत. त्याचा मला आनंद आहे. आनंद आहे असे मी रोज स्वतःला सांगते, कधी कधी खरेही वाटते.

यांचा रेडिओ मला आज ठाण्यात दाखवण्यात आला. शिट्टीची दोरी बटणावर अजून तशीच आहे. ती गुंतलेली नाही. दोन वेढे आणि टोक आत खोचलेले, ओढले की सुटेल असे. लिफ्टच्या कामात हे अशीच गाठ मारत, आणि घरी डब्याच्या पिशवीलाही तीच. दोरीच्या टोकावर दातांचे वण आहेत, कारण आजोबांच्या मांडीवर ठेवण्याआधी गाठ मारायला हात एकच होता. बटण सोडा, बटण सोडा म्हणून ज्याने आम्हा सगळ्यांचे डोके खाल्ले, त्याने ते विचार करून बांधले. त्याला निष्काळजी म्हणू नका. बाकी मला काही नको, पदक नको, सत्कार तर नकोच.

मी दोन नंबरवर असताना हे काय बोलले ते विचारायला मी आजोबांकडे जाऊन आले. त्यांना काही आठवत नाही. खाण आठवत नाही, पडल्याचे आठवत नाही. मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, "चौदा नंबर तुम्हीच का?" मी हो म्हटले. "रागावू नका त्यांना," म्हणाले.

हवालदारांनी हा जबाब मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे, कमी-जास्त काही नाही. निष्काळजीपणाचे वाक्य काढून तिथे 'मयताने बटण स्वतः हेतुपुरस्सर बांधले' असे लिहिण्यासाठी हा जबाब आजच साहेबांपुढे ठेवतो, असे त्यांनी सांगितले आणि समजले का म्हणून विचारले. मी मान हलवली. मग मान हलवणे बरोबर नाही असे वाटले, म्हणून एक श्वास थांबून, मोठ्याने, 'समजलं' म्हणाले आणि सही केली.