रिकामी कळशी

जामखेडच्या दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता. पाळी गेल्यापासून शुगर, बीपी आणि कंबर तिन्ही वाढलेली लंका बाकावर टेकली, तर शेजारच्या दोघींचं बोलणं कानावर आलं.

"बनुबाई, निम्मी झालीस की गं. गोळी बदलली का?"

"न्हाई, गोळी तीच हाय, रोज घेते. पन डाक्टरीनबाई म्हनल्या, गोळीच्या जोडीला चालायचं बी."

"रानात काय कमी चालतो आपुन?"

"मी बी तेच म्हनले. तर म्हनल्या, खुरपताना बसून सरकता. तसं न्हाई, जरा दम लागंल असं चाला."

"आन् लोक? बिनकामाची बाई रस्त्यानं निघाली की धा जन इचारत्यात, कुठं चाललीस."

"म्हनून कमरंवर कळशी घेतली. मळ्यातल्या हिरीचं पानी गोड हाय म्हनायचं. जाताना रिकामी, येताना बी रिकामी."

"कुनाला कळलं न्हाई?"

"सासूबाईंना कळलं. पानी कुठाय म्हनल्या. मी खरं काय ते सांगितलं."

"बोलल्या असतील."

"कुठलं! दुसऱ्या दिशी त्यांनीच कळशी हातात दिली."

लंकाला राहवलं नाही. "मावशी, आमच्या गावात हीर न्हाई, दारात नळ हाय. मी काय घेऊन निघू?"

बनुबाईनं तिला नीट न्याहाळलं.

"काय बी नको. मी बी कळशी ठिवली आता घरी."

"आन् कुनी इचारलं, कुठं चाललीस, तर?"

"सांगायचं, कुठंच न्हाई. नुसती चालतीया."